तेरा अल्बम आणि त्यांची गावं

बीटल्सचा सर्वांत चांगला अल्बम कोणता, हा प्रश्न चार जाणकारांसमोर टाकून बघा. एक जण ‘सार्जंट पेपर’ म्हणेल, दुसरा ‘रिव्हॉल्व्हर’, तिसरा ‘ॲबी रोड’. चौथा या तिघांनाही मोडीत काढेल. पन्नास वर्षांहून जास्त काळ हा वाद चालू आहे आणि तो मिटावा अशी कुणाची फारशी इच्छाही दिसत नाही.

मग आणखी एक यादी कशासाठी? कारण बहुतेक याद्या घरी बसून केलेल्या असतात. हे अल्बम मात्र जागांमधून घडले आहेत. बंदराचं एक शहर, रात्रभर जागणारी एक गल्ली, लंडनमधला एक स्टुडिओ आणि गंगेच्या काठावरचा एक आश्रम. या जागा आजही आहेत, तिथे जाता येतं. आणि जाऊन आल्यावर आपला क्रम पहिल्यासारखा राहत नाही.

तेव्हा चला, आज जागांच्या वाटेने क्रम लावू या. शेवटचा मुक्काम आपल्याच देशात आहे, हे आधीच सांगून ठेवते.

आधी ओळख, मग क्रम

घरातल्या नव्या पिढीसाठी थोडक्यात ओळख. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार हे चौघंही इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचे. मार्च १९६३ ते मे १९७० या सात वर्षांत त्यांचे तेरा अल्बम आले. पहिला आला तेव्हा जॉर्ज जेमतेम वीस वर्षांचा होता. शेवटचा आला तेव्हा बँड फुटलेला होता आणि चौघांपैकी एकानेही तिशी गाठली नव्हती. एवढ्या कमी वेळात, एवढ्या लहान वयात झालेलं हे काम आहे.

क्रम लावताना मी दोनच प्रश्न विचारले आहेत. पहिला, एकही गाणं न वगळता अल्बम सलग ऐकवतो का? दुसरा, त्याची जागा पाहिल्यावर तो वेगळा ऐकू येतो का? दोन्ही उत्तरं ‘हो’ असतील तर नंबर वर. तुमचा क्रम निराळा असेल, तर या लेखाचं निम्मं काम झालं असं समजा.

तेरा ते नऊ : बसच्या खिडकीतून पाहिलं तरी चालेल

तेराव्या क्रमांकावर ‘यलो सबमरीन’ (१९६९). कार्टूनपट मुलांना दाखवावा असाच आहे. अल्बममध्ये मात्र बीटल्सची नवी गाणी फक्त चार, आणि दुसरी बाजू सगळी निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या पार्श्वसंगीताची. लिव्हरपूलच्या विमानतळाला आता जॉन लेननचं नाव आहे आणि बाहेर एक मोठी पिवळी पाणबुडी उभी आहे. मुलांचा फोटो काढा आणि पुढे चला.

बारावा ‘विथ द बीटल्स’ (१९६३). अर्ध्या अंधारातल्या चार चेहऱ्यांचं त्याचं कव्हर गाण्यांपेक्षा जास्त लक्षात राहतं. तो फोटो बोर्नमथ या समुद्रकाठच्या गावातल्या एका हॉटेलात काढलेला आहे. गाणी ताजीतवानी आहेत, पण पहिल्या अल्बमची पुढची आवृत्ती वाटावीत अशी.

अकरावा ‘बीटल्स फॉर सेल’ (१९६४). कव्हरवरचे चेहरे नीट पाहा, चौघंही थकलेले दिसतात. सततचे दौरे, चित्रपट, मुलाखती, आणि डिसेंबरात बाजारात अल्बम हवाच. चौदापैकी सहा गाणी दुसऱ्यांची घ्यावी लागली. फोटो लंडनच्या हाइड पार्कमधला, शरद ऋतूतला. त्या दिवसांत तिथल्या पानगळीतून चालून आलात, तर हा अल्बम जास्त समजुतीने ऐकाल.

दहावा ‘लेट इट बी’ (१९७०). इथे अनेकांच्या भुवया वर जातील. अल्बमच्या नावाचं गाणं अजरामर आहे, पण अल्बम एकसंध नाही. आधी रेकॉर्ड केलेला, कपाटात पडून राहिलेला आणि नंतर दुसऱ्याच निर्मात्याने व्हायोलिनांचा साज चढवून बाजारात आणलेला. त्याची जागा मात्र पाहण्यासारखी आहे. लंडनची सॅव्हिल रो ही शिंप्यांची गल्ली, उंची सूट शिवणाऱ्यांची. तिथल्या तीन नंबरच्या इमारतीच्या गच्चीवर ३० जानेवारी १९६९ रोजी, कडाक्याच्या थंडीत, चौघं शेवटचे लोकांसमोर वाजवले. सुमारे ४२ मिनिटं. खाली गर्दी जमली, आवाजाच्या तक्रारी गेल्या आणि पोलीस वर आले. रस्त्यावरून गच्ची नीटशी दिसत नाही. मान वर करून उभे राहाल तेव्हा लक्षात येईल की त्या दिवशी खालच्या लोकांनाही काही दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं.

नववा ‘हेल्प!’ (१९६५). ‘यस्टरडे’ याच अल्बममधलं. त्याच नावाच्या चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी मंडळी ऑस्ट्रियातल्या बर्फात आणि बहामाच्या किनाऱ्यावर फिरली. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट मात्र लंडनच्या चित्रपट स्टुडिओत घडली. चित्रपटात भारतीय रेस्टॉरंटचा एक प्रसंग आहे. त्यासाठी आणलेल्या वादकांकडे जॉर्जने सतार पहिल्यांदा हातात घेऊन पाहिली. गमतीच्या प्रसंगातलं ते वाद्य पुढे काय करणार होतं, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

आठ आणि सात : एक रेल्वे स्टेशन, एक तळघर

आठवा ‘अ हार्ड डेज नाइट’ (१९६४). तेराच्या तेरा गाणी जॉन आणि पॉलची स्वतःची, हे या बँडच्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं. चित्रपटाच्या सुरुवातीला चाहत्यांची झुंड मागे लागते आणि चौघं स्टेशनात धावत सुटतात. ते लंडनचं मेरिलबोन स्टेशन. आजही ते लंडनच्या मोठ्या स्टेशनांच्या मानाने आटोपशीर आणि निवांत आहे. तिथे बाकावर बसून पहिलं गाणं लावा. सुरुवातीचा तो गिटारचा एकच झणकार ऐकलात की पाय आपोआप हलू लागतील.

सातवा त्यांचा पहिलाच, ‘प्लीज प्लीज मी’ (१९६३). चौदापैकी दहा गाणी एकाच दिवसात, ११ फेब्रुवारी १९६३ रोजी रेकॉर्ड झाली. सकाळी दहाला सुरुवात आणि रात्री पावणेअकराला शेवट. जॉनला सर्दी झालेली होती, म्हणून घसा फाडणारं ‘ट्विस्ट अँड शाउट’ अगदी शेवटी ठेवलं.

एका दिवसात दहा गाणी कशी होतात, हे कळायला दोन जागा पाहाव्या लागतात. पहिली जर्मनीतलं हॅम्बुर्ग. १९६० मध्ये ही पोरं तिथल्या सांक्ट पाउली भागात वाजवायला गेली. रोज रात्री चार-साडेचार तास, शनिवार-रविवारी त्याहूनही जास्त. राहायला एका चित्रपटगृहाच्या पडद्यामागची खोली. जॉर्ज सतरा वर्षांचा, म्हणजे रात्रीच्या क्लबात काम करायला कायद्याने लहान. वय उघड झाल्यावर त्याला देशाबाहेर काढलं. आज त्या गल्लीच्या तोंडाशी रेकॉर्डच्या आकाराचा गोल चौक केला आहे आणि त्यावर वादकांच्या पोलादी आकृत्या उभ्या आहेत. परिसर आजही रात्रीच्या धंद्यांचाच आहे. मुलं बरोबर असतील तर दिवसाउजेडी जाऊन या.

दुसरी जागा लिव्हरपूलच्या मॅथ्यू स्ट्रीटवरचा कॅव्हर्न क्लब. १९६१ ते १९६३ या काळात बीटल्सचे जवळपास तीनशे कार्यक्रम या तळघरात झाले. मूळ क्लब १९७३ मध्ये पाडला गेला. आजचा क्लब जुन्या जागेच्या काही भागावर, बऱ्याच जुन्या विटा वापरून १९८४ मध्ये पुन्हा बांधलेला आहे. म्हणजे अस्सल आणि नक्कल यांच्या मधलं काहीतरी. तरी पायऱ्या उतरून कमानीखाली उभं राहिलं की एक गोष्ट पटते. इथे वादक आणि ऐकणारा यांच्यात अंतरच नव्हतं. पहिल्या अल्बममधला तो उतावीळ, घामेजलेला आवाज इथला आहे. स्टुडिओत त्यांनी फक्त तो पुन्हा एकदा वाजवून दाखवला.

सहा आणि पाच : ताटातूट झालेली दोन भावंडं

सहावा ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ (१९६७). अनेक याद्यांत हा पहिला असतो, मग इथे सहावा का? त्याची थोरवी नाकारण्याचं कारण नाही. दौरे बंद करून चौघं महिनोन्महिने स्टुडिओत बसले आणि लोकप्रिय संगीताचा अल्बम म्हणजे काय, याची व्याख्याच बदलून बाहेर आले. पाश्चात्त्य मुलांच्या रेकॉर्डवर दिलरुबा, तबला आणि तंबोरा घेऊन जॉर्जचं अख्खं गाणं आलं, आणि त्यात बाकीचे तिघं वाजवतच नाहीत. ती आधीच्या वर्षीच्या भारतवारीची पुण्याई. सप्टेंबर १९६६ मध्ये तो रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत येऊन ताजमहाल हॉटेलात उतरला, पुढे श्रीनगरला दल सरोवरातल्या हाउसबोटीवर राहिला. कव्हरवरच्या गर्दीत परमहंस योगानंद आणि त्यांच्या गुरुपरंपरेतले योगी दिसतात. महात्मा गांधींचं चित्रही ठेवायचं ठरलं होतं, पण भारतात लोक दुखावतील या भीतीने कंपनीने ते काढायला लावलं.

पण या अल्बममधून एक मोठी गोष्ट निघून गेली. त्या सत्रांत सुरुवातीलाच रेकॉर्ड झालेली दोन गाणी म्हणजे ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ आणि ‘पेनी लेन’. दोन्ही लिव्हरपूलच्या लहानपणाची. कंपनीला बाजारात घालायला लगेच छोटी रेकॉर्ड हवी होती, म्हणून ती दोन्ही फेब्रुवारी १९६७ मध्ये वेगळी काढली गेली आणि अल्बममध्ये आलीच नाहीत. ‘सार्जंट पेपर’मधलं गाव असं त्याच्या हातून निसटलं.

ते गाव मिळालं ‘मॅजिकल मिस्टरी टूर’ला (१९६७), म्हणून तो पाचवा. हा ब्रिटनमध्ये आधी दोन छोट्या रेकॉर्डींचा संच होता. अमेरिकेत तो पूर्ण अल्बम झाला आणि आज सगळीकडे तोच धरला जातो. चित्रपटाची गाणी मध्यम आहेत, पण ती दोन गाणी यात आहेत.

त्यासाठी लिव्हरपूलच्या उपनगरांत एक दिवस काढा. स्ट्रॉबेरी फील्ड हे अनाथ मुलांचं एक वसतिगृह होतं. जॉन जवळच मावशीकडे वाढला आणि तिथल्या बागेतल्या जत्रेला जायचा. २०१९ पासून ही जागा लोकांसाठी खुली आहे. लाल लोखंडी फाटक, बाग, प्रदर्शन आणि चहाची सोय. पेनी लेन म्हणजे साधा उपनगरी रस्ता. कोपऱ्यावर केशकर्तनालय, बसथांब्याचा चौक, बँका. रस्त्याच्या नावाच्या पाट्या चाहते इतक्या वेळा पळवून न्यायचे की नाव शेवटी भिंतीवरच रंगवावं लागलं. पाहण्यासारखं काहीच नाही, असं पहिल्या पाच मिनिटांत वाटेल. मग जाणवेल की गाण्याचं मर्म तेच आहे. आपल्या प्रत्येकाचा एक असा चौक असतो, वाण्याच्या दुकानाचा, शाळेच्या बसचा. कुणीतरी तो गाण्यात घातला इतकंच.

चार : बसचा मार्ग खोडून लिहिलेलं गाणं

चौथा ‘रबर सोल’ (१९६५). इथून पुढे एकही गाणं वगळावंसं वाटत नाही. ‘नॉर्वेजियन वुड’मध्ये सतार पहिल्यांदा ऐकू आली. जॉर्जने ती लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या भारतीय वस्तूंच्या दुकानातून घेतलेली साधी सतार होती. वाजवणंही नवशिक्याचंच, पण त्या चार सुरांनी किती दारं उघडली!

याच अल्बममध्ये ‘इन माय लाइफ’ आहे. जॉनने ते आधी लिहिलं ते घरापासून शहरापर्यंतच्या बसप्रवासावर, वाटेतल्या जागांची नावं घेत. पेनी लेनही त्यात होतं. मग त्याला ते रटाळ वाटलं. त्याने सगळी नावं खोडली आणि उरली फक्त आठवण. लिव्हरपूलला गेलात तर त्या बाजूची बस जरूर पकडा, वरच्या मजल्यावर पुढची सीट घ्या आणि हे गाणं लावा. खोडलेली गावं एकेक करून खिडकीबाहेरून जातात.

तीन : एव्हरेस्ट रद्द, दारातला रस्ता मंजूर

तिसरा ‘ॲबी रोड’ (१९६९). चौघांनी मिळून केलेला हा शेवटचा अल्बम. भांडणं झालेली, व्यवहार विस्कटलेले, तरी एकदा नीट काम करू या म्हणून एकत्र आले. जॉर्जची ‘समथिंग’ आणि ‘हिअर कम्स द सन’ ही दोन गाणी इथलीच. दुसऱ्या बाजूला अर्धवट राहिलेल्या लहान लहान गाण्यांची अशी माळ ओवली आहे की जोड सापडत नाही.

या अल्बमचं नाव आधी ‘एव्हरेस्ट’ ठरत होतं, तेही ध्वनिमुद्रकाच्या सिगारेटच्या ब्रँडवरून. कव्हरसाठी हिमालयात जाऊन फोटो काढायचाही विचार झाला. एवढ्या लांब कोण जाणार? त्यापेक्षा स्टुडिओच्या दारातला रस्ता ओलांडू आणि त्याच रस्त्याचं नाव देऊ, असं ठरलं. ८ ऑगस्ट १९६९ च्या सकाळी पोलिसाने वाहनं थांबवली, छायाचित्रकार इयन मॅकमिलन शिडीवर चढले आणि सहा फोटो निघाले. त्यातला पाचवा निवडला. कंटाळ्यातून निवडलेली ती जागा जगातली सर्वांत प्रसिद्ध झेब्रा क्रॉसिंग झाली. २०१० पासून तिला वारसा म्हणून सरकारी संरक्षण आहे.

जाताना एक सावधगिरी. ॲबी रोड नावाचं स्टेशन पूर्व लंडनमध्ये आहे, तिथे उतरू नका. स्टुडिओसाठी ज्युबिली लाइनचं सेंट जॉन्स वुड स्टेशन. रस्ता वाहता आहे आणि तिथले ड्रायव्हर पर्यटकांच्या फोटोंना वैतागलेले असतात. मुलांना रस्त्याच्या मधोमध पोज घेत थांबवू नका. स्टुडिओ आतून पाहता येत नाही, शेजारी त्यांचं दुकान आहे. बाहेरच्या भिंतीवर जगभरचे लोक नावं लिहितात आणि ती भिंत पुन्हा पुन्हा पांढरी रंगवली जाते. तुमचं नावही फार दिवस टिकणार नाही. ते बरंच आहे.

दोन : बंद दाराआडचा प्रवास

दुसरा ‘रिव्हॉल्व्हर’ (१९६६). फक्त गाण्यांवर क्रम लावायचा असता, तर हाच पहिला. पस्तीस मिनिटांत एवढ्या दिशा क्वचितच कुणी धुंडाळल्या असतील. ‘एलिनॉर रिग्बी’मध्ये गिटार नाही, ड्रम नाही, नुसती आठ तंतुवाद्यं. ‘टुमॉरो नेव्हर नोज’साठी जॉनने डोंगरमाथ्यावरून मंत्र म्हणणाऱ्या दलाई लामांसारखा आवाज मागितला, आणि तंत्रज्ञांनी त्याचा आवाज ऑर्गनच्या फिरत्या स्पीकरमधून काढून तो दिला.

‘लव्ह यू टू’ हे जॉर्जचं गाणं आपल्या कानांना घरचं वाटेल. त्यावर तबला वाजवला आहे अनिल भागवत यांनी. रेकॉर्डच्या वेष्टणावर त्यांचं नावही छापलं गेलं. बीटल्सच्या रेकॉर्डवर बाहेरच्या वादकाला सहसा असा मान मिळत नसे.

याच्या जागा विखुरलेल्या आहेत. लिव्हरपूलच्या वूल्टन भागात सेंट पीटर्स चर्च आहे. ६ जुलै १९५७ रोजी तिथल्या जत्रेत जॉन आणि पॉल पहिल्यांदा भेटले. त्याच चर्चच्या आवारात एलिनॉर रिग्बी नावाच्या बाईंचं थडगं आहे. पॉलने नाव आपण कल्पनेने जुळवल्याचं सांगितलं आहे, तरी त्या दगडासमोर उभं राहून कुणी चटकन पुढे जात नाही. कव्हरचं रेखाचित्र काढणारा क्लाउस फोरमान हा हॅम्बुर्गच्या दिवसांतला दोस्त. आणि एक जागा दिल्लीत. जुलै १९६६ मध्ये, अल्बम बाजारात येण्याच्या महिनाभर आधी, चौघंही परतीच्या वाटेवर दिल्लीत थांबले आणि कॅनॉट प्लेसमधल्या रिखीराम यांच्या वाद्यांच्या दुकानात गेले. ते दुकान आजही चालू आहे.

यादीबाहेरचं गाणं : मुंबई

पहिल्या नंबरकडे जाण्याआधी मुंबईत एक थांबा. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज एका चित्रपटाच्या संगीतासाठी मुंबईला आला आणि एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन बसला. तिथेच ‘द इनर लाइट’ या गाण्याचं वादन रेकॉर्ड झालं. आवाज नंतर लंडनमध्ये भरला. मार्चमध्ये ते ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला आलं, पण तेरापैकी एकाही अल्बममध्ये त्याला जागा मिळाली नाही. म्हणून माझ्या यादीत मुंबईला नंबर नाही. यादी करण्यात हा एक दोष असतोच. गाणं मात्र शोधून ऐका, अडीच-पावणेतीन मिनिटांचंच आहे. ते प्रसिद्ध झालं, तेव्हा जॉर्ज पुन्हा भारतातच होता. कुठे, ते आता पाहू.

एक : ऋषिकेश

पहिला क्रमांक ‘द बीटल्स’ (१९६८) या दुहेरी अल्बमचा. कोऱ्या पांढऱ्या कव्हरमुळे जग त्याला ‘व्हाइट अल्बम’ म्हणतं.

याच्याविरुद्धचे मुद्दे मला ठाऊक आहेत. गाणी तीस, ती फार झाली. काही थट्टेवारी नेलेली, एक तर नुसता आवाजांचा गोंधळ. खुद्द जॉर्ज मार्टिन यांचं मत होतं की निवडक गाण्यांची एकच रेकॉर्ड करावी. मीही ते मानलं असतं. पण चौरासी कुटिया पाहिल्यावर तो मुद्दा टिकत नाही.

फेब्रुवारी १९६८ मध्ये चौघंही कुटुंबांसह ऋषिकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात ध्यान शिकायला आले. जगातली सर्वांत प्रसिद्ध चार माणसं. पैसा, कीर्ती सगळं मिळालेलं, आणि आदल्याच वर्षी त्यांचे व्यवस्थापक ब्रायन एप्स्टीन अचानक वारले होते. हवी होती शांतता. रिंगोचं पोट नाजूक, म्हणून तो इंग्लंडहून डबाबंद बीन्स घेऊनच आला आणि दहाएक दिवसांत परतलाही. पॉल महिनाभराने गेला. जॉर्जचा पंचविसावा वाढदिवस आश्रमातच झाला. जॉन आणि तो एप्रिलपर्यंत राहिले. मग महर्षींबद्दल कुजबुज सुरू झाली आणि तेही चिडून निघून गेले. म्हणजे प्रवासाचा हेतू पाहिला, तर सहल फसली.

पण तिथे ना स्टुडिओ होता, ना पियानो, ना मागे लागलेले पत्रकार. होत्या लाकडी गिटार आणि भरपूर वेळ. दिवसभर ध्यान आणि प्रवचनं, मधल्या वेळात गाणी. सोबत डॉनोव्हन हा स्कॉटिश गायक होता. त्याच्याकडून जॉन बोटांनी तारा छेडण्याची पद्धत शिकला, आणि ‘डिअर प्रूडन्स’ व ‘ज्युलिया’मध्ये ती ऐकू येते. प्रूडन्स ही ध्यानात इतकी बुडालेली तरुणी होती की खोलीबाहेर येईना. तिला बाहेर बोलावण्यासाठी जॉनने ते गाणं केलं. आश्रमातून वाघाच्या शिकारीला गेलेल्या एका अमेरिकन तरुणावर ‘बंगलो बिल’ झालं. निसर्गावरच्या एका प्रवचनातून पॉलला ‘मदर नेचर्स सन’ सुचलं. त्याच प्रवचनावरून जॉननेही एक गाणं केलं, ज्यात ऋषिकेशचं नाव होतं. ते अल्बममध्ये आलं नाही. पुढे शब्द बदलले आणि तीच चाल १९७१ मध्ये ‘जेलस गाय’ म्हणून जगासमोर आली. रागाच्या भरात महर्षींवर लिहिलेलं गाणंही आहे, फक्त जॉर्जच्या आग्रहावरून नाव बदलून ‘सेक्सी सेडी’ केलेलं. पुढच्या आयुष्यात जॉर्ज आणि पॉल महर्षींबद्दल आपुलकीनेच बोलले, हेही नोंदवायला हवं.

मेमध्ये सगळे जॉर्जच्या घरी जमले आणि ही गाणी साध्या टेपवर उतरवली. २०१८ पासून ती अधिकृतपणे ऐकायला मिळतात. त्यात हशा आहे, टाळ्या आहेत, एकमेकांना साथ आहे. नंतर स्टुडिओत गेल्यावर मात्र खटके उडू लागले. ध्वनिमुद्रक काम सोडून गेला. रिंगोही दोन आठवडे बँड सोडून गेला, परत आला तेव्हा त्याचे ड्रम फुलांनी सजवलेले होते. ही मिळवणी आणि ही फाटाफूट, दोन्ही एकाच अल्बममध्ये ऐकू येतात. निवडक चौदा गाणी ठेवली असती तर रेकॉर्ड सुबक झाली असती, पण हे वाहणं गेलं असतं.

आज आश्रमात काय आहे? पुढे तो ओस पडला, जमीन वनखात्याकडे आली, आणि डिसेंबर २०१५ पासून तिकीट काढून आत जाता येतं. राजाजीच्या जंगलाला लागून असल्यामुळे झाडांनी इमारतींचा ताबा घेतलेला आहे. गंगेतल्या गोट्यांनी मढवलेल्या घुमटाकार ध्यानकुटी लक्ष वेधतात. बीटल्स राहिले ते मात्र साध्या, बैठ्या खोल्यांत. मोठ्या हॉलच्या भिंतींवर चौघांची रंगीत चित्रं आहेत. ती कितीतरी वर्षांनंतर आलेल्या कलाकारांनी काढलेली. बहुतेक लोक तिथे फोटो काढून परततात. तुम्ही तसं करू नका. झाडांतून पुढे जा, कड्याच्या बाजूला थांबा, खाली गंगा दिसते आणि ऐकू येते. तो आवाज पाच मिनिटं ऐका आणि मग ‘मदर नेचर्स सन’ लावा. गाण्यात वाद्यं इतकी कमी का आहेत, ते कुणी समजावून सांगावं लागत नाही.

शांतता शोधायला आलेल्या माणसांना ती सापडली नाही, पण त्यांच्या वह्या भरल्या. आपण ज्यासाठी एखाद्या गावी जातो, ते मिळेलच असं नाही. दुसरंच काहीतरी हाती लागतं आणि घरी आल्यावर त्याची किंमत कळते. सहल फसली असं म्हणण्यापूर्वी थोडं थांबावं, एवढं तरी हा अल्बम शिकवतो. म्हणून तो पहिला.

निघण्यापूर्वी

* ऋषिकेश : दिल्लीहून रेल्वेने हरिद्वार, तिथून रस्त्याने सुमारे २५ किलोमीटर. विमानाने डेहराडूनचा जॉली ग्रँट विमानतळ जवळचा. राम झूला किंवा जानकी सेतूवरून पलीकडे जाऊन स्वर्गाश्रमाच्या बाजूने चालत आश्रम गाठा. ऑक्टोबर ते मार्च उत्तम, पावसाळ्यात वाटा निसरड्या. जंगलाचा भाग असल्याने सकाळीच जा. माकडांपासून खाऊ आणि चष्मे सांभाळा. गाव शाकाहारी आहे, तेव्हा आजी-आजोबांनाही घेऊन जायला हरकत नाही.
* लिव्हरपूल : लंडनच्या युस्टन स्टेशनवरून रेल्वेने सव्वादोन तासांच्या आसपास. जॉन आणि पॉलची लहानपणीची घरं नॅशनल ट्रस्टकडे आहेत. आत जायचं तर त्यांची ठरलेली सहल आधी आरक्षित करावी लागते. दोन दिवस पुरतात.
* लंडन : ॲबी रोड सकाळी लवकर, सॅव्हिल रो आणि मेरिलबोन त्याच दिवशी. ब्रिटनचा आणि हॅम्बुर्गसाठी लागणारा शेंगेन व्हिसा वेगवेगळा काढावा लागतो, हे खर्चात धरा.
* घरबसल्या : महिन्यातला एक रविवार एका अल्बमसाठी ठेवा. फोन बाजूला, गाणं पुढे ढकलायचं नाही, संपल्यावर प्रत्येकाने नंबर सांगायचा. तेरा महिन्यांत तुमच्या घराची स्वतःची यादी तयार होईल. ती माझ्या यादीशी जुळली नाही, तर उत्तमच. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी वादाला विषय मिळेल.